वर सुरळीत, खाली तुंबलेले : एका इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपचा प्रकरण अभ्यास

ज्या इमारतीचे हे प्रकरण आहे ती तळमजला अधिक तीन मजल्यांची आहे. तिच्या एका बाजूला एकावर एक अशी चार घरे आहेत. वरच्या तीन घरांचे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांचे सगळे पाणी एकाच उभ्या पाइपमधून खाली उतरते. तळाशी हा पाइप वळून आडवा होतो आणि नऊ मीटरवरच्या पहिल्या चेंबरला जाऊन मिळतो. तळमजल्याच्या घराची जोडणी मात्र उभ्या पाइपला नसून, वळणाच्या एक मीटर पुढे, आडव्या पाइपला केलेली आहे. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजते. आम्हांला ती लक्षात यायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने तळमजल्यावरच्या वृद्ध जोडप्याने सोसले.

इमारतीच्या देखभालीचे काम माझ्याकडे असल्यामुळे तक्रार पहिल्यांदा माझ्याकडे आली. न्हाणीघरातल्या जाळीतून घाण पाणी वर येते, ते कधी घोट्यापर्यंत साचते आणि तास-दोन तासांनी आपोआप उतरते, असे तळमजल्यावरच्या आजींनी सांगितले. पाणी वर येण्याआधी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये गुडगुड आवाज होतो, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. त्यांचे तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते आणि तेच मी नीट ऐकले नाही: "आम्ही नळ उघडलेलाही नसतो, तेव्हा हे पाणी येतं."

ज्या घरात पाणी तुंबले त्याच घराचा दोष, ही समजूत इतकी घट्ट रुजलेली आहे की इमारतीतल्या प्रत्येकाने, मीही त्यात आलो, आधी त्या जोडप्याच्या वापराकडे बोट दाखवले. त्यांच्या सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे थोडे पाणी धरून ठेवणारा वळणदार पाइप, उघडला तेव्हा तो स्वच्छ निघाला. तेथून पुढे आडव्या पाइपपर्यंतच्या त्यांच्या छोट्या पाइपमधून सळई विनाअडथळा गेली. एवढ्यावरच आम्ही थांबून विचार करायला हवा होता. तसे न करता आम्ही त्यांना पाइप साफ करण्याची रासायनिक पूड आणून टाकण्याचा सल्ला दिला.

पुडीने काय केले

महिन्याभरात त्यांनी तीन वेळा ती पूड टाकली. अशा पुडीतला मुख्य घटक सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता बाहेर पडते आणि चरबीशी त्याचा संयोग झाला की साबण तयार होतो. हाताला लागणाऱ्या जवळच्या ट्रॅपमध्ये थोडी चरबी किंवा केसांचा गुंता असेल, तर त्याचा उपयोग होतोही. इथे मात्र अडथळा त्यांच्या सिंकपासून कितीतरी दूर, अर्धा भरलेल्या आडव्या पाइपमध्ये होता. पूड तेथवर पोहोचेपर्यंत साचलेल्या पाण्यात मिसळून पातळ होत होती आणि जी जड द्रावणाच्या रूपात तळाशी बसत होती ती अडथळ्यामागच्या पाण्यातच अडकून राहत होती. प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटायचे, कारण चरबीच्या वरच्या थरात एखादी बारीक वाट मोकळी व्हायची. पाचव्या दिवशी पुन्हा तेच व्हायचे. ज्या भागात पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त असतात, तेथे अशा तयार झालेल्या साबणाचा काही भाग पुढे जाऊन कॅल्शियमच्या न विरघळणाऱ्या साबणात बदलतो. तो भिंतीला चिकटतो, म्हणजे जे काढायचे त्याच्याच जातीचा पदार्थ थोडा पुढे सरकून पुन्हा जमतो.

याहून वाईट गोष्ट तिसऱ्या वेळेनंतर घडली. बोलावलेल्या प्लंबरने वळणाजवळचे साफसफाईचे झाकण उघडले आणि मागे साचलेले पाणी त्याच्या हातावर आले. आदल्या रात्री पूड टाकल्याचे त्याला कोणीही सांगितले नव्हते. त्याने हात लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरला, तरी कोपरापासून मनगटापर्यंत कातडी भाजली. कॉस्टिक सोड्याचे द्रावण डोळ्यांत गेले असते तर दृष्टी जाऊ शकली असती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खंत या गोष्टीची आहे, कारण ती पूर्णपणे टाळता आली असती. पाइपमध्ये काहीही टाकले असेल तर काम करायला येणाऱ्या माणसाला, त्याने हत्यार हातात घेण्याआधी, ते काय होते आणि केव्हा टाकले हे सांगितलेच पाहिजे.

सामायिक पाइपमध्ये एक धोका आणखी असतो. एका घरातून ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट जाते आणि दुसऱ्या घरातून शौचालय धुण्याचे आम्ल जाते. पाइप वाहता असेल तर दोन्ही भरपूर पाण्याबरोबर निघून जातात. पाइप तुंबलेला असेल तर दोन्ही एकाच डबक्यात येतात आणि त्यांच्या संयोगाने क्लोरिन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. म्हणून पाणी साचून राहिले असताना त्यात कोणतेही रसायन ओतू नये, मग ते एकट्याने कितीही निरुपद्रवी वाटो.

पाणी कोणाचे होते

प्लंबरच्या अपघातानंतर मी काम थांबवले आणि राहत्या घरांना एक आठवडा वही ठेवायला सांगितली. कपडे धुण्याचे यंत्र केव्हा लावले, आंघोळी केव्हा झाल्या आणि तळमजल्यावर पाणी केव्हा आले, एवढेच वेळेसह लिहायचे होते. सात दिवसांत पाणी नऊ वेळा वर आले. त्यांपैकी आठ वेळा ते पहिल्या किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या यंत्राने पाणी सोडल्यावर काही मिनिटांतच आले होते. रात्री एकदाही आले नव्हते.

आजींचे तिसरे वाक्य मला तेव्हा समजले. आमचा आडवा पाइप 110 मिलिमीटर बाह्य व्यासाचा आहे आणि त्याच्या एक मीटर लांबीत सुमारे साडेआठ लिटर पाणी मावते. अडथळा वळणापासून चार मीटरवर होता, हे नंतर दिसले. म्हणजे त्याच्या मागे जास्तीत जास्त चौतीस लिटर पाणी मावत होते आणि त्यातला निम्मा भाग सतत भरलेलाच असायचा. हळूहळू झिरपत जाणारे पाणी त्या अरुंद वाटेतून निघून जायचे, म्हणून रात्री काही दिसत नव्हते. यंत्र मात्र थोड्या मिनिटांत वीसेक लिटर पाणी एकदम बाहेर टाकते. ते मावायला जागा उरली नाही की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते. तळमजल्याच्या न्हाणीघरातली जाळी आडव्या पाइपपेक्षा जेमतेम तीस सेंटिमीटर उंच आहे, तर पहिल्या मजल्यावरची जाळी तीन मीटरांहूनही वर आहे. पहिल्या मजल्यावर तुंबण्याची पहिली खूण दिसायची असेल, तर त्याआधी तळमजल्याचे संपूर्ण घर पाण्याखाली जावे लागेल. सिंकमधली गुडगुड ही वर चढणाऱ्या पाण्याने पुढे ढकललेल्या हवेची होती.

हा हिशेब मी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना दाखवला तेव्हा ते मनापासून गोंधळले. "पण काका, आमच्याकडे तर पाणी अगदी सुरळीत जातं. कधीच तुंबलं नाही," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. आपल्या सिंकमधून पाणी झरकन गेले म्हणजे आपण टाकलेली वस्तू पाइपला चालते, असा अर्थ आपण सगळेच लावतो. प्रत्यक्षात त्या झरकन जाण्याचा अर्थ एवढाच असतो की ती वस्तू पहिला मीटर पार करून गेली. उभ्या पाइपमध्ये ती खाली कोसळते, तेथे सहसा काही अडत नाही. अडते ते आडव्या पाइपमध्ये, जेथे उताराशिवाय पाण्याला पुढे नेणारे दुसरे काही नसते.

उताराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आमच्या आडव्या पाइपला साठास एक असा उतार आहे, म्हणजे नऊ मीटरांत पंधरा सेंटिमीटर. सांडपाण्याच्या पाइपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटर किंवा त्याहून जास्त राहिला तर गाळ तळाशी बसत नाही आणि पाइप स्वतःला धुऊन काढतो, या हिशेबाने असे उतार धरले जातात. पण घराच्या पाइपमध्ये पाणी मधूनमधून आणि थोडेथोडे वाहते, म्हणून हा वेग नेहमी मिळत नाही. चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, माती आणि वाळू या पाण्याहून जड वस्तूंसाठी तेव्हाचा वेग पुरत नाही. त्या तळाशी सरपटत जातात आणि जेथे पहिला खडबडीतपणा भेटतो तेथे थांबतात.

कॅमेऱ्यात दिसलेले तीन थर

पाइपमध्ये कॅमेरा सोडला तेव्हा वळणापासून चार मीटरवर, दोन पाइपांच्या सांध्याशी, वाट एक तृतीयांशाहून कमी उरलेली दिसली. वरून पाहता तो पिवळट पांढऱ्या रंगाचा एकसंध गोळा वाटत होता. काढताना मात्र त्यात तीन वेगळे थर सापडले, आणि ते तीन वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या वर्षी आलेले होते.

सर्वांत खाली राखाडी रंगाचा, दगडासारखा टणक उंचवटा होता. साठ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर फरशा बदलण्याचे काम झाले होते. कारागिरांनी सांधे भरण्याच्या सिमेंटच्या बादल्या आणि थाप्या रोज संध्याकाळी न्हाणीघरात धुतल्या होत्या. सिमेंट वाळले तरच घट्ट होते, पाइपमध्ये तर पाणी असते, मग ते कसे घट्ट होईल, अशी समजूत मी त्यानंतर अनेकांच्या तोंडी ऐकली आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने घट्ट होते. म्हणून ते पाण्याखालीही तितकेच, किंबहुना अधिक चांगले, कडक होते. धुऊन टाकलेल्या सिमेंटचे कण आडव्या पाइपच्या तळाशी बसतात आणि रात्री पाणी वाहत नसते तेवढ्या वेळात एकमेकांना धरून ठेवतात. पुढचे दहा दिवस रोज त्यावर नवा थर बसतो. या उंचवट्याने एकट्याने कधीच पाइप तुंबवला नसता. पण गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये त्याने एक पायरी तयार केली.

त्या पायरीला अडकलेला दुसरा थर ओल्या पुसण्यांचा, म्हणजे वेट वाइप्सचा होता. त्या एकमेकींत गुंतून दोरासारख्या पिळल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यात केस, दातांत फिरवायचा नायलॉनचा दोरा आणि कापसाचे बोळे अडकले होते. पहिल्या मजल्यावर लहान मूल आहे. त्याच्या आईने पाकिटावरचा मजकूर मला स्वतः आणून दाखवला. शौचालयात टाकता येतील असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. तिच्यावर दोष ठेवायला मला जागा दिसली नाही.

टॉयलेट पेपर आणि पुसणी यांच्यातला फरक धाग्यांत आहे. टॉयलेट पेपर हा लगद्यातल्या आखूड तंतूंचा असतो आणि ते तंतू एकमेकांना ज्या हायड्रोजन बंधांनी धरून असतात ते बंध पाणी लागताच सैल होतात. पुसण्यांमधले तंतू लांब असतात, बहुधा त्यांत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन मिसळलेले असते आणि ओल्या अवस्थेत ताणले तरी फाटू नयेत म्हणूनच ते एकमेकांत घट्ट गुंतवलेले असतात. पाकिटात महिनोन्महिने ओली राहूनही जी वस्तू अखंड राहते ती पाइपमधल्या काही मिनिटांच्या प्रवासात विरघळेल अशी अपेक्षा करता येत नाही. टोरोंटोमधल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 2019 साली एकदा वापरून टाकायच्या 101 वस्तू तपासल्या होत्या. त्यांतल्या 23 वस्तूंवर त्या शौचालयात टाकता येतात असे लिहिलेले होते आणि पाइपमधून सुरक्षित जाण्याइतकी त्यांतली एकही वस्तू विरघळली नाही. इमारतीच्या बैठकीत मी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ठेवल्या, एकीत टॉयलेट पेपरचे दोन तुकडे आणि दुसरीत एक पुसणी टाकली आणि दोन्ही हलवायला दिल्या. पहिलीत अर्ध्या मिनिटात लगदा झाला. दुसरीतली पुसणी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली, पिळली आणि तिने टेबल पुसता आले. त्या बैठकीत कोणाला आणखी समजावून सांगावे लागले नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा थर चरबीचा होता, पण हातात घेतल्यावर तो चरबीसारखा लागत नव्हता. ओल्या खडूसारखा भुसभुशीत आणि साबणासारखा किंचित निसरडा असा तो पदार्थ होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली गटारांतल्या अशा साठ्यांचे नमुने तपासून दाखवले की ते बहुतांशी नुसते गोठलेले तेल नसते, तर कॅल्शियमचा साबण असतो. तेल तळताना आणि नंतर गटारात पडून राहताना तुटते आणि त्यातून सुटी मेदाम्ले, म्हणजे फॅटी ॲसिड, बाहेर पडतात. पाण्यातले आणि सिमेंट-काँक्रीटमधून सुटणारे कॅल्शियम त्या आम्लांना धरते आणि न विरघळणारा घट्ट साबण तयार होतो. या एका गोष्टीमुळे स्वयंपाकघरातल्या दोन रूढ समजुती खोट्या ठरतात.

पहिली समजूत अशी की तूप-लोण्यासारखी थिजणारी चरबी तेवढी वाईट, आणि थंडीतही पातळ राहणारे तेल ओतले तर चालते. थिजणे हा प्रश्नाचा फक्त एक भाग आहे. पातळ तेलातूनही मेदाम्ले सुटतात आणि त्यांचाही साबण होतो. तळून उरलेल्या तेलात तर ती आधीच सुटलेली असतात. दुसरी समजूत अशी की तेलाबरोबर कढत पाणी आणि भांडी घासण्याचे द्रव सोडले की सगळे वाहून जाते. कढत पाणी चरबी वितळवून पुढे नेते हे खरे आहे, पण नेते कोठे, तर जेथे ते पाणी थंड होते तेथे. चार मजल्यांच्या इमारतीत ती जागा बहुधा तळाचा आडवा पाइप असते. भांड्यांचे द्रव तेलाचे बारीक थेंब करून काही काळ पाण्यात तरंगत ठेवते. पुढे आणखी पाणी मिसळले की त्याची पकड जाते आणि थेंब पुन्हा एकत्र येतात. आपल्या सिंकपुरते काम झाल्यासारखे दिसते. शिवाय उकळते पाणी प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये वारंवार ओतणे पाइपलाही मानवत नाही. पीव्हीसी साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि मऊ पडलेला पाइप दोन आधारांच्या मध्ये वाकला की तेथेच कायमचा खळगा होतो.

हीच प्रक्रिया शहराच्या पातळीवर काय करते ते लंडनमध्ये दिसले आहे. सप्टेंबर 2017 मध्ये व्हाइटचॅपल भागातल्या व्हिक्टोरियाकालीन गटारात चरबी आणि पुसण्यांचा एक साठा सापडला. त्याची लांबी सुमारे 250 मीटर आणि वजन सुमारे 130 टन होते. तो हटवायला कामगारांना अनेक आठवडे गटारात उतरावे लागले. त्याचा एक तुकडा 2018 साली म्युझियम ऑफ लंडनमध्ये लोकांना पाहायला ठेवला होता. आमच्या पाइपमधून निघालेला साठा दोन बादल्या भरेल एवढाच होता, पण त्याचे घटक तेच होते.

जे तुंबवत नाही, पण टाकू नये

तपास चालू असताना घराघरांत जाऊन मी कोण काय टाकते हे विचारत होतो. तेव्हा पाइप न तुंबवणाऱ्या वस्तूंबद्दल लोक अधिक निर्धास्त असल्याचे दिसले. मुदत संपलेली औषधे शौचालयात टाकणे हा प्रकार चारपैकी तीन घरांत होता आणि तो काळजीपोटी होता, लहान मुलांच्या किंवा जनावरांच्या हाती लागू नयेत म्हणून. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची रचना घन पदार्थ, मैला आणि जंतूंमुळे कुजणारे पदार्थ काढण्यासाठी असते. औषधांचे रेणू त्यातून कमी-अधिक प्रमाणात तसेच पार होतात. अपस्माराच्या उपचारात वापरले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध तर केंद्रातून बहुतांश जसेच्या तसे बाहेर पडते. जेथे औषधे परत घेण्याची व्यवस्था असेल तेथे ती देणे हा योग्य मार्ग आहे. काही अतितीव्र वेदनाशामकांच्या बाबतीत, ती चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर जीव जाऊ शकतो म्हणून, त्यांच्या पाकिटावरच ती लगेच शौचालयात टाकण्याची वेगळी सूचना असू शकते आणि तेथे ती सूचना पाळावी. रंग, रंग पातळ करण्याचे द्रव, कीटकनाशके, इंजिनचे तेल हेही पाइपमध्ये सोडू नये. ज्वलनशील द्रवांची वाफ तर बंद पाइपमध्ये साचून स्फोट होऊ शकतो. ज्यांच्या घराचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जाते त्यांनी ब्लीच आणि जंतुनाशके मोठ्या प्रमाणात सोडू नयेत, कारण त्या टाकीचे काम मैला कुजवणाऱ्या जिवाणूंवरच चालते.

मग पाइपमध्ये जायला काय हरकत नाही? शौचालयातून मल, मूत्र आणि टॉयलेट पेपर. सिंक आणि न्हाणीघरातून पाणी आणि त्यात मिसळलेला साबण. यादी खरोखर इतकीच आहे आणि ती मी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा ती अपुरी आहे असे वाटून लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

एक वस्तू मात्र टाकायलाच हवी आणि ती आपण विसरतो. दुसऱ्या मजल्यावरचे घर काही महिने बंद होते आणि तेथून कुजक्या अंड्यांसारखा वास येत असल्याने तोही दोष याच तुंबलेल्या पाइपचा धरला गेला होता. तो वेगळाच निघाला. प्रत्येक सिंक, बेसिन आणि न्हाणीघराच्या जाळीखाली वळणदार ट्रॅप असतो आणि त्यात साधारण पाच सेंटिमीटर उंचीचे पाणी कायम राहते. तेवढेच पाणी गटारातल्या वायूला घरात येऊ देत नाही. 1775 साली अलेक्झांडर कमिंग यांनी शौचालयासाठी असा वाकडा पाइप वापरण्याचे पेटंट घेतले आणि आजही घराघरांत तेच तत्त्व काम करते. घर बंद राहिले की हे पाणी उडून जाते आणि वाट मोकळी होते. तेथे प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतल्यावर वास त्याच दिवशी गेला. वापरात नसलेल्या प्रत्येक तोंडात दर पंधरवड्याला थोडे पाणी ओतणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

दुरुस्ती आणि त्यानंतर

वरचे दोन थर उच्च दाबाच्या पाण्याने, जेटिंगने, निघाले. सिमेंटचा थर निघाला नाही, म्हणून तेवढा पाइप कापून नवा घातला आणि त्या जागी साफसफाईसाठी झाकण बसवले. सांध्यालाही पाइपचे काठ दोन मिलिमीटरांनी वर-खाली होते. ते नव्या जोडणीत सरळ करून घेतले.

घरांमध्ये जे ठरले ते साधे आहे. प्रत्येक स्वयंपाकघरात झाकणाचा एक डबा ठेवला असून उरलेले तेल थंड करून त्यात ओतले जाते आणि तो भरला की बंद करून कचऱ्यात दिला जातो किंवा तेल गोळा करणाऱ्यांना दिला जातो. तेलकट भांडी घासण्याआधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसली जातात. मला विचाराल तर सगळ्या उपायांत याच एका सवयीने सर्वांत जास्त फरक पडतो, कारण डब्यात ओतण्याएवढे तेल रोज उरत नाही, पण भांड्याला चिकटलेले तेल रोज तीनदा पाइपमध्ये जाते. सिंकला आणि न्हाणीघराला बारीक जाळी बसवली आहे आणि चोथा, खरकटे व केस त्यातून उचलून कचऱ्यात जातात. घरात बांधकाम असेल तर हत्यारे बादलीतच धुवायची, पाणी रात्रभर स्थिर ठेवायचे आणि तळाशी बसून घट्ट झालेले सिमेंट बांधकामाच्या राडारोड्याबरोबर द्यायचे, ही अट कारागिरांना काम सुरू होण्याआधी सांगितली जाते. निवळलेले पाणीही तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून त्यात हात घालायचा नाही आणि ते झाडांना द्यायचे नाही, हेही सांगितले जाते.

जिन्याखालच्या फलकावर आम्ही पाइपचा एक नकाशा लावला आहे. कोणत्या घराचे पाणी कोठे मिळते, वळण कोठे आहे, अडथळा कोठे होता आणि तळमजल्याची जाळी किती उंचीवर आहे, हे त्यात मापांसह दाखवले आहे. ही कल्पना तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच गृहस्थांची होती. आपण सोडलेले पाणी आजींच्या न्हाणीघराजवळून जाते हे इतकी वर्षे माहीत नव्हते, असे ते म्हणाले.

सहा महिन्यांनी पुन्हा कॅमेरा सोडला. पाइपच्या भिंतीवर बोटाने पुसता येईल एवढा पातळ थर होता. नवा उंचवटा कोठेही नव्हता. तळमजल्यावर त्या काळात एकदाही पाणी वर आले नव्हते. वळणापासून सात मीटरवर, जुन्या पाइपच्या दुसऱ्या एका सांध्याला, एक पुसणी लोंबकळत होती. ती कोणाची याचा शोध घ्यायचा नाही असे बैठकीत एकमताने ठरले. पहिल्या मजल्यावरच्या मुलाच्या आईने सुचवले की प्रत्येक शौचालयात, बसल्या जागी हात पोहोचेल अशा अंतरावर, झाकणाचा लहान डबा ठेवावा, कारण एका हाताने मूल धरलेले असताना पुसणी टाकायला सर्वांत जवळची जागा शौचालय हीच असते. त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या शौचालयांसह सगळीकडे असे डबे ठेवले गेले आणि तो सांधा पुढच्या तपासणीत बदलण्यासाठी नकाशावर लाल खूण करून ठेवला आहे.